उरलं तर गाडीला

माझा निर्णय एवढाच होता, की घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर उरलं तर गाडीने जेवावं. यात माझं काय चुकलं, ते मला अजून कोणी पटवून देऊ शकलेलं नाही. (हितेशने प्रयत्न केला. तो माझा मुलगा. त्याचे प्रयत्न मी तो रांगायचा तेव्हापासून बघते आहे.)

पण एवढ्याशा निर्णयाचं पुढे असं काही झालं, की मी, बोनकोड्याची पुतळा, या अख्ख्या पट्ट्यात जिच्या आवाजावर हळदी चढल्या ती धवलारीण, भर लग्नसराईत नवी साडी नेसून डीजेच्या टेम्पोत जनरेटरला टेकून बसले. वर टेम्पोवाला बजावतो, "मावशी, त्येला लई टेकू नगा, आत्ताच चालू केलावता, तापलाय." त्या दिवसापासून माझं कशातच मन नाही. तरी लिहिते. मी नाही लिहिलं तर लोक हितेशला विचारतील, आणि तो खरं सांगेल.

गाडी विजेची. आणली हितेशने, पण चार्जर लागला माझ्या भिंतीवर आणि मीटर माझ्या नावावर. आमची गावठाणातली चार मजल्यांची इमारत. खाली आम्ही, वर भाडेकरू, आणि सगळ्यांची वीज माझ्याच मोठ्या मीटरमधून जाते. त्यामुळे चार्जर बसवायला आलेल्या माणसाने विचारलं, "मीटर कोणाच्या नावावर? त्यांचाच मोबाईल नंबर लागेल." हितेशने तोंड उघडायच्या आत मी माझा मोबाईल पुढे केला. ॲप माझ्याकडे आलं. म्हणजे गाडीची किल्ली हितेशकडे आणि गाडीचं पोट माझ्याकडे.

"या वयात तुम्हाला ॲप जमतं?" असं विचारायला ज्यांची जीभ वळवळते आहे त्यांना सांगून ठेवते. मी शाळेची पायरी चढले ती थेट पोराचं नाव घालायला. अक्षरं शिकले ती सुकट बांधून यायची त्या वर्तमानपत्रांच्या तुकड्यांवरून. त्यामुळे माझ्या बातम्या अर्ध्या असायच्या, पण वास पुरा असायचा. इंग्रजी शिकले बसच्या पाट्यांवरून आणि औषधांच्या पाकिटांवरून. अजूनही नवा इंग्रजी शब्द दिसला की मला तो आधी गाव वाटतो, नाहीतर गोळी. ॲपमध्ये 'इको' आणि 'बूस्ट' वाचलं तेव्हा एक खोकल्याचं वाटलं आणि दुसरं अशक्तपणाचं.

खुलासा केला भाविकाने. भाविका हितेशची मुलगी, कॉलेजात जाते. (असं ती सांगते.)

"आजी, बूस्ट म्हणजे गाडी फुल पॉवर खेचणार. घरात काय चाललंय, तिला काय फरक नाय पडत. शेड्यूल म्हणजे टाइम लावायचा, त्या टाइमलाच घेणार. पप्पा पहाटेचा लावतात, तेव्हा वीज स्वस्त असते."

"आनि इको?"

"इको म्हणजे घरातले फ्रिज, एसी, पंप, वरचे भाडेकरू, सगळ्यांना देऊन जे उरेल ते गाडीला."

"आनि नाय उरला तर?"

"तर गप्प बसते. अगदी थोडंसं उरलं तर तेवढं पण घेत नाय. नीट उरलं तरच घेते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नाही सांगत. मी लग्न होऊन बोनकोड्यात आले तेव्हापासून दुसरं काय केलं? सासरे जेवायचे, दीर जेवायचे, मिठागरावरून आलेले गडी जेवायचे, पोरं जेवायची. मग उरलं तर पुतळा. आणि अगदीच चतकोर उरलं तर तेही मी घेत नसे, पाणी पिऊन झोपत असे, पण उष्ट्याला तोंड लावलं नाही. मला वाटत होतं असं वागणारी या जगात मी शेवटची. आणि बघा, कुठल्यातरी कंपनीने त्याचं बटण काढलं होतं.

मी इको दाबलं. "ही गाडी चांगल्या घरची हाय," मी जाहीर केलं.

माझी सून नमिता महाप्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या पगारावर आहे. ती म्हणाली, "आई, इकोचा भरवसा नसतो. शेड्यूलच राहू द्या."

"तुला कसा कळल? तुला या घरान पयल्या दिवसापासून बूस्टवर ठेवलाय."

नमिता गप्प बसली. (तिच्या बोलण्याचंही शेड्यूल आहे. ते रात्री हितेशच्या कानात चालू होतं.)

आणखी एक भांडण होतं, ते ऐंशीचं. गाडी शंभर टक्के भरायची नाही, ऐंशीवर थांबवायची, त्याने बॅटरी जास्त वर्षं टिकते, असं हितेशचं म्हणणं. मी म्हटलं, "आपल्या दारातून कोन कवा अर्ध्या पोटी उठलाय? नाय नाय बोलेपर्यंत वाढायचा!" मी शंभर लावायची. मी अंघोळीला गेले की हितेश माझा मोबाईल घेऊन ऐंशी करायचा. मी बाहेर येऊन परत शंभर. आमचे म्हातारे देवजी हे सगळं झोपाळ्यावरून बघत असायचे. त्यांना ऐकू कमी येतं, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर ते त्यांनी आणखी कमी करून घेतलेलं आहे. त्यांनी एकदाच विचारलं, "पाहुणं आलंय का? कोनाला वाढतंस?"

आता मुख्य गोष्ट.

आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. मांडव असो, हळद असो, ती धवले गाते आणि तिच्या गाण्यावर विधी पुढे सरकतात. धवला कुठे छापलेला नसतो. समोर बसलेल्या नवऱ्याचं नाव, त्याच्या आईबापाचं नाव, मामाचं, गावदेवीचं, सगळं जागच्या जागी गाण्यात ओवावं लागतं. एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जातं ते. मी माझ्या सासूकडून घेतलं. पुढे द्यायला घरात भाविका. तिला मी म्हटलं, "बस समोर, शिक." तर म्हणते, "आजी, पाठ कशाला करायचं? रेकॉर्ड करते ना." आणि मोबाईल समोर धरते. मोबाईलला मान डोलावता येत नाही, हुंकार देता येत नाही. भिंतीला गाणं शिकवल्यासारखं वाटतं.

त्यात लोकांना आता धवला नको झालाय. डीजे पाहिजे. माझी धाकटी बहीण प्रेमला जासईला दिली आहे, उरणकडे. तिच्या नातीच्या लग्नात नुसताच डीजे होता, मी पाहुण्यासारखी खुर्चीवर बसून आइस्क्रीम खाल्लं. आता तिचा नातू केतन लग्नाला उभा राहिला, तर प्रेमलाने घरात भांडून, दोन दिवस न जेवता, धवला मागून घेतला. तिची सून सुनयना म्हणाली, "ठीक हाय. दिवेलागणीला हलद लावनार. मावशी तवर आल्या तर गातील. नाय आल्या तर थांबनार नाय. मना लोकांना जेवाया घालायचाय."

प्रेमलाने मला फोनवर हे सांगितलं ते जवळजवळ रडत. "बाय, येळेवर ये गो. या बारीला चुकलीस तर या घरान पुन्ना धवला नाय होनार."

"मी?" मी म्हटलं, "मी चुकन? आमची विजेची गाडी हाय. तू दारात आरती घेऊन उभी रव."

केतनची हळद रविवारी. आणि आदल्या दिवशी, शनिवारी, आमच्या बोनकोड्यातच शेजारच्या नामदेवकडे रूपेशची हळद. तिथेही मीच. दोन दिवसांत दोन धवले! इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. माझे पाय जमिनीवर नव्हते. (आणि पाय जमिनीवर नसले की माणूस काहीतरी दान करून बसतो.)

आमच्या गावात शेजारी हळद असली की मांडवाला वीज शेजाऱ्याने द्यायची रीत आहे. नामदेव संध्याकाळी दारात आला, डोकं खाजवत उभा राहिला, म्हणाला, "काकू, डीजेवाल्याने..."

मी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. "इचारतंस काय? आमच्या मीटरवरून घे. चार्जरच्या बाजूलाच मोठा पॉइंट हाय, वायर जाड हाय."

हितेश चपला सोडून धावत आला. "आये, लोड! डीजे, हॅलोजन, कूलर, सगळं आपल्यावर? गाडीला काय उरणार?"

"उरल तेव्हढा घेल ती. चांगल्या घरची हाय."

"आये, गाडीत नऊ टक्के आहेत. उद्या जासईला जायचंय. निदान आजच्या दिवस बूस्ट कर."

"शेजारी हलद हाय आनि माझी गाडी ओरबाडून खाईल? लोका काय बोलतील?"

लोक काही बोलले नसते, हे मला आता कळतं. गाडी काय खाते ते लोकांना दिसत नाही. पण त्या वेळी मला वाटलं, अख्खा गाव आमच्या चार्जरकडेच बघतो आहे.

हळद दणक्यात झाली. मी धवला गायले. रूपेशचं नाव घेतलं, नामदेवचं घेतलं, गावदेवीला बोलावलं. पोरं गप्प झाली, बायकांनी पदर डोळ्याला लावले. भाविका समोर मोबाईल धरून उभी होती. मग डीजे सुरू झाला आणि आमच्या चौथ्या मजल्यावरच्या भाडेकरणीची, तेजश्रीची, भांडी मांडणीवरून आपोआप उतरू लागली. मी मांडवात मधोमध खुर्ची टाकून बसले होते. जो तो येऊन सांगत होता, "काकू, तुमच्याकडची वीज एक नंबर!" एवढा मान मला धवल्याबद्दलही कधी मिळाला नव्हता.

सकाळी मी ॲप उघडलं. नऊ टक्के.

काल नऊ, आज नऊ. रात्रभर सगळ्यांचं भागवण्यात हिच्या वाट्याला काही उरलंच नव्हतं. मांडव, डीजे, उकाड्यामुळे सगळ्या मजल्यांवरचे एसी, सकाळी पाण्याचा पंप. आणि थोडं थोडं जे उरलं असेल ते हिने बाणेदारपणे घेतलं नव्हतं. मला तिचा अभिमान वाटावा की तिला लाथ घालावी, ते कळेना.

"आता बूस्ट कर," हितेश म्हणाला. त्याचा आवाज शांत होता. तो शांत झाला की मला भीती वाटते, तो देवजींचा मुलगा आहे हे तेव्हा दिसतं.

मी बूस्ट दाबलं. खट् आवाज झाला आणि घरातली वीज गेली. नामदेवच्या मांडवातही गेली. रात्रभर ताणलेल्या माझ्या मीटरच्या पेटीतून बारीक धूर आला. वीज कंपनीचा माणूस म्हणाला, रविवार आहे, संध्याकाळपर्यंत होईल. महाप्याला नमिताच्या कंपनीत चार्जर आहे, पण रविवारी तिथे गेटच उघडत नाहीत.

त्यात भाविकाला घरात उकडत होतं. म्हणून ती गाडीत एसी लावून बसली. मी बघितलं तेव्हा तिने मोबाईलला गाडीची वायर लावली होती आणि सीट मागे पाडून काहीतरी ऐकत पडली होती.

"उतर खाली! गाडीला सोताला नाय, आनि तू तिच्यातला पितंस?"

"आजी, मोबाईलला कितीसं लागतं! आणि घरात लाइट कोणी घालवली?"

ती उतरली तेव्हा सात टक्के होते. दुपारी ती आणि नमिता नातेवाइकांच्या मिनी बसमधून जासईला पुढे गेल्या. बसमध्ये मलाही जागा होती. पहिली, खिडकीची. नमिता म्हणाली, "आई, चला ना आमच्याबरोबर." मी म्हटलं, "मी प्रेमलाला सांगितलाय, विजेच्या गाडीतून येनार." (माझ्या थडग्यावर हे वाक्य लिहावं अशी माझी इच्छा आहे. आमच्यात थडगं बांधत नाहीत, पण एवढ्यासाठी बांधा.)

देवजींना विचारलं, येता का? त्यांनी गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "मना आयकाया येत नाय." हे उत्तर कशाचं होतं ते मी विचारलं नाही.

मी आणि हितेश निघालो. बेत असा, की जुईनगरला स्टेशनजवळ सार्वजनिक चार्जर आहे, तिथे अर्धा तास थांबायचं, भरून घ्यायचं, आणि दिवेलागणीच्या कितीतरी आधी जासईला. बोनकोड्यापासून जुईनगरपर्यंत हितेशने एसी लावला नाही, काच उघडली नाही, गाणं लावलं नाही. मी हळदीसाठी बरोबर घेतलेल्या ताटलीने वारा घेतला तर म्हणाला, "आये, हलू नको." मी हलल्याने वीज लागते असं त्याला वाटत होतं की काय देव जाणे, पण मी हलले नाही.

जुईनगरच्या चार्जरला दोन नळ्या होत्या. एकीवर पिशवी बांधून 'बंद' लिहिलं होतं. दुसरी एका टॅक्सीला लागली होती. टॅक्सीवाला सीटवर पाय वर घेऊन वडापाव खात होता. मशीनवर आकडा होता, ब्याऐंशी.

हितेशच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. "दादा, ब्याऐंशी झालेत. काढता का? इमर्जन्सी आहे."

"शंभर करणार," टॅक्सीवाला म्हणाला.

"ऐंशीनंतर फार हळू भरतं, दादा. शेवटच्या वीस टक्क्यांना खूप वेळ जातो."

"जाऊ दे की. मला पुण्याला जायचंय."

मी खाली उतरले. "अरे बाला, ऐंशी खूप झाले! जास्ती भरून बॅटरी खराब होते. माझा पोरगा शिकलेला हाय, इचार त्याला!"

हितेशने माझ्याकडे बघितलं.  बोलला असता तर बरं झालं असतं.

टॅक्सीवाल्याने वडापावचा शेवटचा घास तोंडात टाकला. "मावशी, भरल्या ताटावरून उठवता काय मला? तुमच्याकडं अशीच पद्धत हाय का?"

आमच्याकडची पद्धत! मला!  मी तिथल्या कठड्यावर बसले आणि त्या आकड्याकडे बघत राहिले. त्र्याऐंशी. कितीतरी वेळाने चौऱ्याऐंशी. नवी नवरी उखाणा घेताना जशी एकेक अक्षर सोडते तशी ती टॅक्सी एकेक टक्का घेत होती. ऊन पिवळं झालं. प्रेमलाचा फोन आला. "बाय, कुठं पोचलीस?" मी म्हटलं, "आलेच." हितेशने रिक्षावाल्यांना विचारलं, उरणकडे कोणी येईना, रविवारची लग्नं, येताना रिकामं यावं लागतं. मोबाईलवर टॅक्सी बोलावली, तिने होकार दिला आणि पत्ता बघून पळ काढला. प्रेमलाचा परत फोन. "बाय, सुनयनाने पाट मांडला." मी म्हटलं, "आलेच म्हटला ना!" आणि मशीनकडे बघितलं. एक्क्याण्णव.

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. टेम्पोवर रंगीत दिवे, मागे माणसाएवढे स्पीकर. काल रात्रीचाच, नामदेवकडचा डीजे. चालवणारा जोतीराम, मूळचा साताऱ्याकडचा, वाशीच्या मार्केटातली हमाली सोडून या धंद्यात आलेला.

"मावशी! हितं काय करताय? आमी जासईलाच चाललूय, तुमच्या भनीकडं. तुमीच न्हाय का नंबर दिलावता?"

दिला होता. मीच दिला होता. सगळं मीच दिलं होतं.

मी घाईघाईने पुढच्या सीटकडे गेले. पुढे जोतीराम, त्याच्या शेजारी डीजे वाजवणारा, आणि त्याच्या मांडीवर त्याचं मशीन. जागा नाही. मागे बघितलं. स्पीकर, वायरी, हॅलोजन, आणि मधोमध ताडपत्री घातलेलं एक भलंमोठं धूड.

"यो काय?"

"जनरेटर हाय की."

"कोनाचा?"

"आमचाच. कुटं बी जाताना बरूबर असतोय."

"काल पन होता?"

"व्हय तर. काल भरून आनलावता डिझेल. नामदेवभाऊ म्हनलं, काकूंना सांगून येतो जनरेटर लावताय म्हनून, आवाज हुईल रातभर, त्यास्नी चालंल का इचारतो. परत आलं आन् म्हनलं, काकू बोलूच देईनात, म्हंत्यात आमच्याच मीटरवरनं घ्या. मग म्या म्हनलं, मान हाय म्हातारीचा, मोडाय नगं."

हितेश कठड्याला टेकला. मग त्याने असं काही केलं जे मी त्याच्या बारावीच्या निकालाच्या दिवसानंतर बघितलं नव्हतं. तो हसायला लागला, आणि त्याला थांबता येईना.

हसता हसताच त्याला सुचलं. डिकीत साधी वायर होती. जनरेटरवरून गाडी भरायची! जोतीरामने लगेच जनरेटर चालू केला. जुईनगर स्टेशनबाहेर धूर झाला, लोक जमले. विजेची गाडी डिझेलवर भरताना बघायला टॅक्सीवालासुद्धा उतरला. हितेशने वायर लावली. गाडीवर लाल दिवा लागला आणि तिने नकार दिला. हितेश म्हणाला, जनरेटरला अर्थिंग नाही, म्हणून ती घेत नाही.

म्हणजे आताही घेत नव्हती. चार टक्क्यांवर आली होती, समोर कोणीतरी भरभरून वाढत होतं, आणि तिला ताट स्वच्छ हवं होतं. मी तिला नावं ठेवू शकले नाही. तिला मीच डोक्यावर चढवली होती.

"चला मावशी, अंधार पडंल," जोतीराम म्हणाला.

मी मागे चढले. चढले म्हणजे हितेशने आणि टॅक्सीवाल्याने मला वर घातलं. ("मावशी, आता तुमच्यासाठी नळी काढू का?" टॅक्सीवाल्याने विचारलं. सत्त्याण्णव झाले होते.) हितेश गाडीजवळ राहिला. मी जनरेटर आणि स्पीकरच्या मध्ये बसले, ताटली मांडीवर, पदर डोक्यावर. उलव्यापर्यंत ऊन होतं. पुढे गेलं. मी टेम्पोतच गळा साफ केला, केतनचं नाव, त्याच्या बापाचं, मामाचं, जासईच्या देवीचं, सगळं मनात लावून घेतलं. म्हटलं, पाट मांडला असेल, दिवा लावला असेल, पण हळदीला हात लागायच्या आत मी मांडवात उभी असेन. मला बघितल्यावर कोण थांबणार नाही? सुनयनाच्या बापालासुद्धा थांबावं लागेल.

जासईच्या गल्लीत टेम्पो वळला आणि मला धवला ऐकू आला.

पहिल्यांदा वाटलं, दुसरीच कोणी धवलारीण आणली. अंगाची आग झाली. मग आवाज नीट कानावर आला. खणखणीत, जरासा नाकातून, मध्ये दम घ्यायची जागा तीच. बाई गातेय मात्र झकास, असं मनात आलं. ती मीच होते.

मी टेम्पोतून कशी उतरले ते आठवत नाही. मांडवात केतन पाटावर, अंगभर हळद, बायका ओळीने हळद लावताहेत. प्रेमला डोळे मिटून हात जोडून बसलेली, गालावरून पाणी वाहतंय. आणि बाजूच्या स्टुलावर भाविकाचा मोबाईल आणि एक छोटा स्पीकर. कालचा, नामदेवकडचा धवला त्यातून चालला होता. मोबाईलला हळदीकुंकू लावलं होतं.

आणि धवल्यात नाव होतं रूपेशचं.

मी उभी राहून ऐकलं. नवरदेव रूपेश, बाप नामदेव, गावदेवी बोनकोड्याची. पाटावर केतन. अख्ख्या मांडवात एकालाही काही खटकलं नव्हतं. केतनलासुद्धा नाही. दुसऱ्याच्या नावची हळद तो अंगभर, अगदी कानामागेसुद्धा लावून घेत होता.

"अरं थांबवा!" मी ओरडले. "यो रूपेश कोन? माझं पोर केतन हाय!"

दोन-चार बायकांनी "शूऽऽ" केलं. धवला चालू असताना मध्ये बोलत नाहीत, ही रीत मीच त्यांना शिकवलेली.

धवला संपला. प्रेमलाने डोळे उघडले, मला बघितलं आणि गळ्यात पडली. "बाय! किती गोड गायलीस गो!"

"मी आता आले, प्रेमला."

"हां, पन किती गोड गायलीस!"

सुनयना हळदीचे हात पुसत आली. मला वाटलं, आता बोलणी बसणार. बोलणी परवडली असती. ती चक्क पाया पडली. "मावशी, मना वाटलाच नवता धवला एवढा चांगला असतो. आता आमच्या घरान परत्येक हलदीला धवलाच!" प्रेमलाने टाळ्या वाजवल्या. माझा जीव भांड्यात पडला. आणि सुनयना पुढे म्हणाली, "आनि तुमी एवढ्या लांब टेम्पोतून कशाला तरास घेतला, या वयात? आता आमच्याकडे हाय ना. भाविकाने मना पाठवला पन."

"त्यात नाव रूपेशचा हाय गो!"

"ते एडिट होतं, आजी," भाविका म्हणाली. "सांगशील ते नाव टाकून देते."

मी खुर्चीवर बसले. कोणीतरी हातात आइस्क्रीम दिलं. मी ते खाल्लं.

बाहेर जोतीराम जनरेटर उतरवत होता. नमिताने जवळ येऊन हळूच विचारलं, "आई, गाडी कुठाय?" मी सांगितलं, जुईनगरला आहे, उपाशी. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. आज तिचं शेड्यूल मोडलं होतं.

मला एकच आशा उरली होती. मी भाविकाला म्हटलं, "मोबाईलवर एवढा येल धवला लावलास, बॅटरी संपली असल आता. पुढचा इधी हाय अजून, तो तरी मी गाते."

भाविकाने मोबाईल बघितला आणि मला दाखवला. भरलेला. जवळजवळ काठोकाठ.

"टेन्शन नको घेऊ आजी. सकाळीच आपल्या गाडीवर शंभर टक्के केला होता."